एवढ्यावर भागेल का?

एक कारखाना कापडी पिशव्या शिवतो. महिन्याभरात ५,५०० पिशव्या शिवल्या आणि सगळ्या विकल्या गेल्या. नफा किती झाला? प्रश्नाखाली दोन विधानं दिलेली आहेत. पहिलं: पिशवीची विक्री किंमत आणि तिच्यावरचा बदलता खर्च, म्हणजे कापड, दोरा, शिलाई, यांत १२ रुपयांचं अंतर आहे. दुसरं: महिन्याला ४,००० पिशव्या विकल्या की ना नफा ना तोटा. पण नफ्याचा आकडा परीक्षकाला नकोच आहे. तो काढायला पहिलं विधान एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, दोन्ही मिळून पुरतात का, की दोन्ही मिळूनही भागत नाही, एवढंच त्याला विचारायचं आहे.

जीमॅट, कॅट आणि बँकांच्या भरतीपरीक्षा देणाऱ्यांना हा प्रकार ‘डेटा सफिशियन्सी’ या नावाने ओळखीचा आहे. जीमॅटमध्ये तो वर्षानुवर्षं गणिताच्या विभागात असे. २०२३च्या अखेरीस त्या परीक्षेचं रूप बदललं, तेव्हा त्याला ‘डेटा इनसाइट्स’ या नव्या विभागात हलवण्यात आलं. मला ते योग्य वाटतं. इथे कस लागतो तो आकडेमोडीचा नाही. कुठे थांबायचं हे कळतं की नाही, याचा.

पिशव्यांचंच पाहू. पहिल्या विधानावरून दर पिशवीमागे १२ रुपये सुटतात, म्हणजे एकूण ६६,००० सुटले. पण गाळ्याचं भाडं, यंत्रांचे हप्ते, देखरेख करणाऱ्याचा पगार, हे सगळं त्यातूनच जाणार आणि तो आकडा आपल्याकडे नाही. दुसऱ्या विधानावरून एवढं कळतं की पहिल्या ४,००० पिशव्यांनी हा स्थिर खर्च भागवला आणि वरच्या १,५०० पिशव्यांचं सुटलेलं सगळं मालकाचं. मात्र एकेका पिशवीमागे किती सुटलं, ते गुलदस्त्यात. दोन्ही विधानं एकत्र आली की १,५०० गुणिले १२, नफा १८,००० रुपये. पिशवी ४० रुपयांना विकली की ९० रुपयांना, हे अजूनही आपल्याला माहीत नाही. कापडाचा भाव माहीत नाही, शिलाईचा दर माहीत नाही. आणि त्यांच्यावाचून काहीच अडलेलं नाही. हे पहिल्यांदा नीट लक्षात येतं तेव्हा मला वाटतं माणूस हिशेबाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

आता प्रश्न थोडा बदलू. नफा रुपयांत नको. स्थिर खर्चाच्या तुलनेत तो किती, एवढंच सांगा. लगेच पहिलं विधान निरुपयोगी होतं आणि दुसरं एकटं पुरतं: १,५०० भागिले ४,०००, तीन अष्टमांश. विधानं तीच, कारखाना तोच, तरी निकाल पालटला. माहिती पुरेशी आहे की नाही हे माहितीकडे पाहून ठरत नाही, तुम्ही तिला काय विचारता त्यावर ठरतं. शाळेतल्या शेकडा नफ्याच्या उदाहरणांतही हेच दडलेलं असतं. छापील किमतीवर २० टक्के सूट देऊन दुकानदाराला २० टक्के नफा होत असेल, तर छापील किंमत खरेदीच्या दीडपट आहे हे पक्कं. पण ती वस्तू पेन आहे की कपाट, हे त्यातून कधीच कळणार नाही.

हे भास्कराचार्यांना आठशेहून अधिक वर्षांपूर्वी नेमकं उमगलेलं होतं. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अनेक अव्यक्तांच्या समीकरणांत एक उदाहरण आहे. चार माणसं, चौघांची संपत्ती सारखी. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरं, ७ बैल. दुसऱ्याकडे ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. प्रत्येक जनावराची किंमत सांगा. चार अज्ञातं आणि समीकरणं तीनच, म्हणजे आजच्या परीक्षेत ‘माहिती अपुरी’ यावर खूण करून पुढे जावं लागेल. ग्रंथातलं उत्तर आहे ८५, ७६, ३१ आणि ४. गुणून पाहा, प्रत्येकाची संपत्ती बरोबर ८५३ भरते. पण या चारही किमती दुप्पट केल्या, तिप्पट केल्या, तरी अट मोडत नाही. माहितीने जनावरांच्या किमतींचं एकमेकांशी नातं ठरवलं, खुद्द किमती ठरवल्या नाहीत. आणि पूर्णांकांत सर्वांत लहान कोणत्या, ते कुट्टकाच्या, म्हणजे पूर्णांक उत्तरं शोधण्याच्या जुन्या रीतीने काढता येतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तिथे हे उदाहरण सोडवायला बसलेल्या विद्यार्थ्याला गुरूने ‘या किमती रुजू होतात, पण एवढ्याच रुजू होतात का?’ असं विचारलं असेल, अशी कल्पना करायला मला आवडतं.

पूर्णांकांचा हा मुद्दा परीक्षेत भल्याभल्यांना चकवतो. दिवाळीच्या फराळाचं दुकान घ्या. चिवड्याचं पाकीट ३५ रुपयांना, लाडवांचं ४८ रुपयांना. एका गिऱ्हाइकाचं बिल ३६७ झालं. लाडवांची पाकिटं किती? अज्ञातं दोन, समीकरण एक, म्हणून हात आपोआप ‘अपुरी’कडे जातो. पण अर्धं पाकीट कोणी विकत नाही. लाडवांची एक, दोन, तीन अशी सात पाकिटांपर्यंत जाऊन पाहिलं, तर एकाच ठिकाणी हिशेब जुळतो: लाडू ४, चिवडा ५. आता भाव गोल करा, चिवडा ३० आणि लाडू ४५. तेच गिऱ्हाईक, तीच खरेदी, बिल ३३०. या वेळी मात्र लाडू शून्य, दोन, चार किंवा सहा, काहीही असू शकतं. अडनिड्या आकड्यांनी जे सांगितलं ते गोल आकड्यांनी पुसून टाकलं. हिशेबनीस रकमा गोल करायला का कचरतात, त्याचं एक कारण मला यात दिसतं.

दुसरा चकवा मनाचा आहे. पहिलं विधान वाचून झाल्यावर दुसरं वाचताना पहिलं पूर्ण विसरायचं असतं. हे सांगायला सोपं, करायला कठीण. १२ रुपये एकदा डोक्यात बसले की दुसऱ्या विधानात ते नकळत मिसळतात, आणि न मिळालेली माहिती आपल्याला मिळाल्यासारखी वाटते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली आलेल्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’मध्ये सोडवणाऱ्याला अगदी आरंभी विचारायला लावलं आहे: दिलेल्या अटी अज्ञात ठरवायला पुरेशा आहेत, अपुऱ्या आहेत, जास्तीच्या आहेत, की परस्परविरोधी? आपल्या वर्गांत हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, कारण पुस्तकातल्या गणिताला उत्तर असतंच असं मुलांनी गृहीत धरलेलं असतं. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे १९८०च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारण्यात आलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दाखवलं. ही मुलं मंद नव्हती. समोर आकडे आले की त्यांचं काहीतरी करायचं, हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं. ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ हे उत्तर लिहिलं तर गुण मिळतील, असं त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं.

परीक्षेतल्या प्रश्नात एक सोय असते: खर्च म्हणजे काय, ते कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं. शेतीच्या हिशेबात ती सोय नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पायऱ्यांवर मोजतो. बियाणं, खत, औषधं, इंधन, बाहेरची मजुरी, असा प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ए२. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी धरली की ए२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरलं की सी२. समजा क्विंटलला भाव ३,००० मिळाला आणि हे तीन खर्च १,५००, २,००० आणि २,६०० निघाले. मग शेतकऱ्याला नफा शेकडा १००, शेकडा ५०, की शेकडा सुमारे १५? तिन्ही हिशेब बरोबर आहेत. स्वामिनाथन आयोगाने हमीभाव उत्पादन खर्चाहून किमान ५० टक्के अधिक असावा असं सुचवलं. २०१८-१९पासून केंद्राने हमीभावासाठी ए२ अधिक एफएलच्या दीडपटीचा निकष धरला, तर शेतकरी संघटना सी२च्या दीडपटीसाठी भांडत राहिल्या. एवढा मोठा वाद, आणि तो भागाकाराचा नाही. भाजक कोणता, याचा आहे.

पुढे शेतकरी संघटना उभारणारे शरद जोशी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला आले, तिथे त्यांनी स्वतः शेती केली आणि तिचा जमाखर्च मांडला. १९८०च्या कांदा आंदोलनापासून पुढे ते जी मागणी लावून धरत राहिले, उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची, तिच्या मुळाशी हा जमाखर्च होता. बाजार समितीतून शेतकऱ्याच्या हाती जी हिशोबपट्टी पडते, तिच्यावर वजन असतं, भाव असतो, हमाली, तोलाई असते, हाती येणारी रक्कम असते. ‘या वेळी परवडलं का?’ या प्रश्नाला ती पट्टी हे एक विधान झालं, आणि एकट्याने ते पुरत नाही. दुसरं विधान घरातच असतं: रोपं लावायला, खुरपायला, कांदा काढायला घरची किती माणसं किती दिवस राबली, आणि त्यांच्या जागी बाहेरचा गडी लावला असता तर त्या हंगामात रोज किती पडला असता. पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे दोन आकडे सहज मावतात.