विद्यालय, कारखाना आणि उत्तरदायित्व

ज्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अर्थशास्त्राच्या एका व्यासंगी पंडिताने शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचे अध्यक्षपद पत्करले, त्या जिल्ह्यातील व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांना उद्योगाशी आपले नाते कसे असावे हे शिकण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. परंतु पाणी आले म्हणून समृद्धीही आली, असे झाले नाही. गुळाचे भाव कोसळले की बागाईतदार सावकाराच्या दारी जाई, आणि साखरेचे कारखाने तर बेलापूर कंपनीसारख्या खाजगी भांडवलाच्या हाती होते. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली, आणि तिच्यावर आधारलेला धनंजयराव गाडगीळ यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस लोणीच्या सहकारी कारखान्याची नोंदणी झाली. कारखान्याचे प्रवर्तक विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते, परंतु गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्याची त्यांची चिकाटी असामान्य होती. गाडगिळांनी अध्यक्षपद स्वीकारले, आणि १९५०–५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले.

या इतिहासाचा गौरव आपण पुष्कळ केला. त्याचा क्रम मात्र पुरेसा लक्षात घेतला नाही. प्रथम अभ्यासकाने प्रदेशाचे जीवन मोजून, विचारून, नोंदवून समजून घेतले. नंतर त्या ज्ञानाच्या आधारे त्याने सल्ला दिला. आणि शेवटी, सल्ला देऊन बाजूला होण्याची मोकळीक असतानाही, यशापयशाचा वाटा त्याने स्वतःच्या शिरावर घेतला. ज्ञान, सल्ला आणि उत्तरदायित्व या तीन पायऱ्या ज्या संबंधात आहेत, तोच विद्या आणि उद्योग यांचा खरा संबंध होय, असे माझे मत आहे.

स्वतंत्र भारतात व्यवस्थापनशिक्षणाचा आरंभ मोठ्या आकांक्षेने झाला. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे केंद्र सरकारच्या संस्था निघाल्या, १९६५ साली मुंबईत जमनालाल बजाज संस्था उभी राहिली, आणि १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला परवानगी दिल्यानंतर खाजगी विद्यालयांची वाट मोकळी झाली. आज नगर शहरात हिवाळे शिक्षण संस्थेची, विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनची, संगमनेरात अमृतवाहिनीची आणि कोपरगावात संजीवनीची पदव्युत्तर व्यवस्थापन विद्यालये आहेत. शेवगाव, पाथर्डी, जामखेड अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतून येणारा विद्यार्थी येथे शुल्क भरतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा बँकेचे कर्ज किंवा बापाने विकलेले जनावर असते. अशा मुलाने पदवीनंतर नोकरीची हमी मागितली तर ती मागणी न्याय्यच आहे, आणि तिला बाजारू म्हणून हिणवण्याचा अधिकार सुस्थितीतल्या कोणालाही नाही.

परंतु नोकरीच्या या रास्त चिंतेतून उद्योगाशी जडलेला संबंध हळूहळू इतका कृश झाला आहे की, त्यात विद्येचा अंश शोधावा लागतो. सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्र निघते, मूल्यांकनाच्या तक्त्यात करारांची संख्या भरली जाते. वर्षाकाठी कुणी अधिकारी व्याख्यानाला येतो आणि विद्यार्थ्यांची बस एखाद्या कारखान्याला फेरी मारून परतते. पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा प्रकल्प करावा लागतो. त्याचा अहवाल हाती घेऊन पाहावा: कडक पुठ्ठ्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरे, आत कंपनीचे प्रमाणपत्र, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र, मग शंभर ग्राहकांना विचारलेली प्रश्नावली, तिची रंगीत वर्तुळे, आणि शेवटी कंपनीने जाहिरात वाढवावी अशी शिफारस. ज्या कंपनीसाठी हे लिहिले, तिच्यात तो अहवाल सहसा कोणी वाचत नाही, आणि विद्यालयात तो कपाटात जातो. दोष मुलाचा नाही. त्याच्या हाती खरा प्रश्न कोणी दिलाच नव्हता.

खऱ्या प्रश्नांचा या जिल्ह्यात दुष्काळ नाही. ऊसतोडणीचेच पाहा. लागणीच्या वेळी शेतकी खात्यात उसाची नोंद होते, तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम आखला जातो, कारखान्याचा चिटबॉय तोडणीची स्लिप देतो, टोळी फडात उतरते. ऊस तुटल्या क्षणापासून त्याचे वजन आणि त्यातील साखर घटू लागते, म्हणून तो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आग्रह धरला जातो. प्रत्यक्षात कारखान्याच्या तळावर गाड्यांची रांग लागते, शेतकऱ्याच्या उसाचे वजन उन्हात उडून जाते, कारखान्याचा साखर उतारा खाली येतो, आणि पाथर्डीहून किंवा बीडहून कुटुंबकबिल्यासह आलेला मजूर आपली उचल फेडण्यासाठी आणखी काही दिवस पाचटाच्या कोपीत काढतो. रांग कोठे आणि का तुंबते, ती कमी केल्याने कोणाचे किती वाचते, हा व्यवस्थापनशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत द्यावयाचा असतो. तो पाळताना खेळत्या भांडवलाची ओढाताण कशी होते, हा त्याला जोडलेला दुसरा.

नगरच्या कारखानदारीत प्रश्नाचे स्वरूप निराळे, पण मूळ तेच. १९७२ साली बाजारात आलेल्या लूनाने फिरोदियांच्या कायनेटिकचे आणि त्याबरोबर नगरचे नाव देशभर नेले. लार्सन अँड टुब्रोच्या विद्युत उपकरणांच्या कारखान्याने अनेक लघुउद्योजकांना काम दिले. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारा हा लघुउद्योजक यंत्रावर वाकबगार असतो, परंतु येणे रक्कम अडकली की त्याचे सगळे गणित विस्कटते. पंचेचाळीस दिवसांच्या आत देयक चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. तरी मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवण्याचे धाडस त्याला होत नाही. त्याच्या शेजारी बसून, त्याचे बिलबुक पाहून, मालनिहाय खर्च मांडून देणारा विद्यार्थी दोन महिन्यांत जे शिकेल, ते वर्गात दोन वर्षांत शिकवता येणार नाही.

यासाठी उद्योगानेही आपले दप्तर उघडले पाहिजे. पदवीधरांना काही येत नाही अशी तक्रार करणाऱ्या कारखानदाराने, आठ आठवडे आलेल्या मुलाला आपण बाहेरच्या बाकावर बसवले होते की खर्चपत्रकासमोर, याचे उत्तर स्वतःला द्यावे. याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे ज्या नेतृत्वाने कारखाना उभारला, त्यानेच पुष्कळ ठिकाणी विद्यालयही उभारले. कारखान्याचे फाटक विद्यालयाला सहज उघडेल अशी ही अनुकूलता जगात फार थोड्या संस्थांना लाभली असेल. परंतु त्याच फाटकातून आत गेलेल्या अभ्यासकाला वजनकाट्याविषयी, कर्जाविषयी किंवा मजुराच्या स्थितीविषयी अप्रिय निष्कर्ष लिहिण्याची मुभा नसेल, तर त्या अनुकूलतेचे ओझेच होईल. मालकाच्या मर्जीने बेतलेला अहवाल खुद्द मालकाच्याही कामाचा नसतो.

म्हणून संस्थाचालक, प्राध्यापक आणि कारखानदार या तिघांनाही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक विद्यालयाने करारांची यादी वाढवण्याऐवजी जिल्ह्यातील एकच प्रश्न दहा वर्षांसाठी पत्करावा, म्हणजे एका तुकडीचे काम दुसरीला पुढे नेता येईल. प्राध्यापकांनी निदान एक गळीत हंगाम किंवा एक आर्थिक वर्ष कारखान्यात, काम करणाऱ्यांच्या बरोबरीने घालवावे, आणि संस्थेने त्यासाठी त्यांना पगारी रजा द्यावी. अहवाल सभासदाला कळेल अशा मराठीत लिहावा आणि तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे, ताळेबंदाच्या शेजारी, मंजुरीच्या अटीविना ठेवावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागते ती शिफारस केल्यावर परिणामाला सामोरे जाण्याची तयारी, आणि या जिल्ह्यातील व्यवस्थापनशिक्षणाने आपली योग्यता आता त्याच कसोटीवर सिद्ध करावी.