आधी बुंधा दाबून पाहा

फवारणीचा पंप खाली ठेव आणि नीट ऐक. अंगणातल्या चारपैकी दोन पोनीटेल पाम पिवळे पडलेत आणि तू मला विचारतोस, "सर, कोणतं औषध मारू?" औषधाचं नंतर. मुळाशी काय चाललंय, ते आधी पाहिलंस का? शेतकी शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही.

आळं कुणाला विचारून केलंस? नारळाला करतात म्हणून? हे झाड ताडामाडाच्या कुळातलं नाहीच, ते शतावरी आणि घायपाताच्या कुळातलं. मूळचं पूर्व मेक्सिकोच्या कोरड्या रानातलं. तिथे वर्षातले कित्येक महिने पाऊस नसतो, म्हणून ते बुंध्यातच पाणी साठवतं. तो फुगीर बुंधा म्हणजे भरलेला रांजण आणि तू त्यावर रोज संध्याकाळी पाइप सोडतोस! शिवाय लॉनचे तुषार आहेतच. खाली चिकट काळी माती, निचरा नाही. मुळांना हवा मिळेना, ती कुजली. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पानं मलूल झाली. ती पाहून तू पाणी आणखी वाढवलंस. मातीत ओलीइतकीच हवाही हवी, हा वाफसा मी परीक्षेपुरता शिकवला नव्हता.

त्यावर कडी म्हणजे बुंधा वीतभर मातीत गाडलास आणि भोवती ओला पालापाचोळा रचलास. तो बुंधा उघडाच राहायला हवा. ऊन आणि वारा लागला तरच तो कोरडा राहतो.

आता हात चालव. आळं मोड, पालापाचोळा दूर कर, बुंधा मोकळा कर. मग चारही बाजूंनी अंगठ्याने दाबून पाहा. घट्ट लागला तर झाड वाचेल. सुरकुतलेला पण घट्ट असेल आणि माती खोलवर कोरडी असेल, तर ते खरंच तहानलंय. एखादा भाग मऊ लागला तर झाड उपट, स्वच्छ चाकूने कूज निरोगी गर दिसेपर्यंत काढ, जखम सावलीत काही दिवस सुकू दे. सगळा बुंधाच लिबलिबीत झाला असेल, तर ते झाड गेलं. शेंडा कुजला पण बुंधा घट्ट असेल, तर घाईने उपटू नकोस, बाजूने फुटवे येऊ शकतात.

पुन्हा लावताना फूटभर उंच वरंबा कर. मुरूम आणि जाड वाळू सढळ हाताने मिसळ. लॉनचं पाणी तिकडे वळता कामा नये. मुळं धरली की उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा भरपूर पाणी दे, तेही माती खोलवर सुकल्यावरच. पावसाळ्यात अजिबात नको. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली, तरच औषधाचं बोल.

या झाडाची वाढ फार संथ असते. एवढा बुंधा पोसायला वर्षानुवर्षं लागतात. शोभेच्या हौसेपायी मेक्सिकोतल्या रानांतून ही झाडं इतकी ओरबाडली गेली, की २०१७ पासून या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. असं झाड दारात लावलंस, तर त्याची प्रकृती समजून घेणं हे तुझं कर्तव्यच आहे. तुझी माया खरी आहे, मला दिसते. पण अभ्यास नसलेली माया झाडाच्या जिवावर उठते.

पिवळ्या दोन झाडांपासून सुरुवात कर. दाबल्यावर काय हाताला लागलं ते वहीत लिही आणि उद्या सकाळी वही घेऊन ये.