पन्नास फुटांचे अंतर

परीक्षेचा पेपर फुटला आणि तो कोणी पाहिला ते कळेना, की साऱ्या वर्गाला पुन्हा बसवावे लागते. निरपराध मुले रडतात. मास्तरांचा इलाज नसतो.

अमेरिकेतील शेव्हरोले बोल्ट या विजेच्या मोटारीचे असेच झाले. बॅटरीच्या क्वचित एखाद्या घटात ऋणाग्राची पट्टी फाटलेली आणि मधला पडदा दुमडलेला, असे दोन्ही दोष एकत्र आले की आगीचा धोका. पण असा घट कोणत्या गाडीत आहे, ते बाहेरून दिसेना. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने सुमारे ६९ हजार गाड्या परत बोलावल्या, दुरुस्तीही केली. पुढे दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये सगळ्याच बोलावल्या. सुमारे १ लाख ४२ हजार! दोष ठाऊक नव्हता, याची मी क्षमा करीन. पुरते न कळताच 'झाली दुरुस्ती' म्हणणे मात्र मला क्षम्य वाटत नाही.

मग मालकांना सांगण्यात आले, गाडी इतरांच्या गाड्यांपासून पन्नास फूट दूर लावा. मालकाला निदान सूचना आली. त्या पन्नास फुटांत वावरणाऱ्याला कोण कळवणार?

आपल्याकडेही मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओलाची एक स्कूटर पेटली, आणि पुढल्याच महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या.

आमच्या शेजाऱ्यांनी पाडव्याला विजेची स्कूटर घेतली. रात्री ती माझ्या खिडकीखालीच चार्जिंगला असते. 'कंपनीचे पत्र आले तर मलाही दाखवाल ना?' एवढेच त्यांना विचारायचे आहे. पण त्यांनी पेढे आणून दिले, आणि मी ते खाल्ले.