शोध लागला, पण घेतला कुणी?

दर सोमवारी फोनवर तीस गाण्यांची यादी येऊन पडते. स्पॉटिफायनं २०१५ मध्ये ती सुरू केली तेव्हा तिच्या इंग्रजी नावातच ‘शोध’ हा शब्द घातला, आणि आता ऐकणाऱ्यांच्याही तोंडी तो बसला आहे. यादीतलं एखादं गाणं आवडलं की लोक म्हणतात, ‘या आठवड्यात मी एक नवा गायक शोधला.’ रायपूरच्या शंकर नगरातल्या मराठी घरात हे जितक्या सहज म्हटलं जातं तितक्याच सहज डोंबिवलीतही. नवं गाणं सापडल्यावर माणूस हरखून जातो, ते चारचौघांना ऐकवावंसं वाटतं, एखाद्या अल्बमसाठी रात्र जागवावीशी वाटते. या उत्साहाचं मोल मला पुरेपूर मान्य आहे, आणि म्हणूनच त्याला दिलेलं नाव खटकतं. मराठीत शोध या शब्दाबरोबर तीन क्रियापदं येतात. शोध घ्यायचा असतो, तो लागतो किंवा लागत नाही, आणि कुणीतरी तो लावतो. घेण्यात कष्ट आहेत, लागण्यात योग आहे आणि लावण्यात जबाबदारी आहे, कारण जो शोध लावतो तो त्याखाली आपलं नाव घालतो आणि त्याबद्दल उत्तर द्यायला बांधील राहतो. सोमवारच्या यादीत यातलं फक्त मधलं क्रियापद आहे. पहिलं यंत्र करतं, तिसरं कुणीच करत नाही, तरी तिन्हींचं श्रेय ऐकणाऱ्याच्या पदरात पडतं. गाण्याच्या शोधाची आपल्याकडची कल्पना इतकी हलकी कधीच नव्हती.

ख्यालगायकीत बंदिशीला ‘चीज’ म्हणतात. घराण्यांच्या काळात ती खरोखर जपून ठेवायची वस्तू होती, शिष्यालाही वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर मिळायची. विष्णू नारायण भातखंड्यांनी काय केलं हे वाचकांना नव्यानं सांगायला नको. वकिली सोडून ते देशभर फिरले, जयपूरच्या मोहम्मद अली खाँसाहेबांसारख्या मनरंग परंपरेच्या गायकांकडून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. स्वरलिपीत गाणं मावतं का, हा वाद जुना आहे आणि इथे तो उकरायचा नाही. मला एवढंच नोंदवायचं आहे की त्यांच्या हातून शोधाला एक अट जोडली गेली. मिळालेली चीज आपल्यापाशी ठेवली तर तो केवळ लाभ. ती रागाच्या नावासह सगळ्यांपुढे मांडली तर तो शोध. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे खैरागढला, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. या अटीची एक शाखा अशी छत्तीसगढात रुजली. ग्रामोफोनचा टप्पा तर आणखी थोडक्यात सांगता येईल. १९०२ मध्ये गोहरजानचा आवाज तीन मिनिटांच्या तबकडीत बसला, तिशीच्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ घरोघरी पोचवली, आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याला गाणं विकत घेता येऊ लागलं. यात कुणाचा मतभेद नाही.

मतभेद त्यानंतरच्या टप्प्याबद्दल आहे, आणि माझ्या मते तो बहुतेकांनी चुकीचा वाचला आहे. रूढ समज असा: रेडिओच्या काळातला श्रोता निष्क्रिय होता. निवेदक लावील ते तो ऐकायचा, आणि पत्र लिहिलंच तर कालचंच गाणं पुन्हा मागायचा. फर्माईश म्हणजे ओळखीच्या गाण्याची भूक. झुमरीतलैया आणि भाटापारा ही गावं त्या भुकेची गमतीदार नावं होऊन बसली. मग कॅसेट आली, सीडी आली, इंटरनेट आलं आणि श्रोता टप्प्याटप्प्यानं मोकळा होत शेवटी संशोधक झाला. या कथेत प्रत्येक पायरी वर जाते. माझं म्हणणं असं की फर्माईशीचं पोस्टकार्ड हीच या इतिहासातली सर्वांत उंच पायरी होती, कारण शोध घेणं, लागणं आणि लावणं ही तिन्ही कामं सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा तिथे एकत्र आली.

१९४९ च्या ‘महल’ची गोष्ट पाहा. खेमचंद प्रकाशांचं ते प्रसिद्ध गाणं तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलं होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि श्रोत्यांची पत्रं येऊ लागली: हे गातंय कोण? रेडिओला कंपनीकडून नाव मागवावं लागलं, आणि लता मंगेशकर हे नाव निवेदनात आलं. गाणं लोकांना मिळालंच होतं, त्यासाठी पत्राची गरज नव्हती. तरी नाव कळल्याशिवाय ते मिळालं असं त्यांना वाटेना. आजच्या भाषेत गाणं त्यांना ‘सापडलं’ होतं, त्यांच्या लेखी मात्र शोध अजून चालू होता. हा फरक लहान नाही. पार्श्वगायकाचं नाव तबकडीवर छापलं जावं ही प्रथा रुजली त्यामागे गायकांचा आग्रह होता तसाच या कानांचाही दाब होता.

तीनच वर्षांनी उलट दिशेनं एक पाऊल पडलं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीतावर मनापासून प्रेम करणारा हा मराठी माणूस सिनेसंगीताला आकाशवाणीवर फार जागा द्यायला तयार नव्हता. त्यांच्यावर लिहिणारे सगळे या नावडीपाशीच थांबतात. मला त्या वादातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची वाटते. गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगायचं नाही, असं आकाशवाणीचं धोरण ठरलं. निर्मात्यांनी परवाने काढून घेतले आणि सिनेगीतं काही वर्षं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे भांडण किती गाणी वाजवायची याचं होतं तसंच गाण्याला त्याचं नाव-गाव लावायचं की नाही याचंही होतं. श्रोत्यांनी या प्रश्नाचं उत्तर सुई फिरवून दिलं. ते रेडिओ सिलोनकडे गेले. तिथे गाण्याबरोबर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार सगळ्यांची नावं सांगितली जात, आणि त्याच वेळी ज्यांनी ते गाणं मागवलं त्यांचीही.

‘बिनाका गीतमाला’ १९५२ च्या अखेरीस तिथेच सुरू झाली. तिला आपण क्रमवारीचा कार्यक्रम म्हणून ओळखतो, पण सुरुवातीला ती क्रमवारी नव्हती. अर्ध्या तासात सात गाणी वाजत, आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमानं लावून पाठवायची असत. कुठला चित्रपट आधीचा, कुठला नंतरचा हे माहीत असल्याशिवाय उत्तर देता येत नसे. पत्रांचा ओघ आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला होता, असं अमीन सयानी सांगत. म्हणजे ज्याला निष्क्रिय म्हटलं जातं तो श्रोता गाण्याच्या इतिहासाची परीक्षा दर आठवड्याला आपणहून देत होता. हातात यादी नव्हती, शोधयंत्र नव्हतं. होती ती वही. गाणं वाजताना चित्रपट, गायक, संगीतकार असे रकाने भरायचे, एखादं नाव खरखरीत बुडालं तर पुन्हा कधी लागेल याची वाट पाहायची आणि तेव्हा रिकामा रकाना भरायचा. या वह्या वाया गेल्या नाहीत. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी दशकवार ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा केला, मुंबईत विश्वास नेरूरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. ही कामं विद्यापीठांनी केली नाहीत, ऐकणाऱ्यांनी केली. सिनेसंगीताबद्दल आज जो कुणी अचूक लिहितो तो या वह्यांच्या खांद्यावर उभा असतो.

आता खुद्द पोस्टकार्ड जवळून पाहू. त्यावर गाण्याचं नाव असे, चित्रपटाचं असे, आणि खाली पाठवणाऱ्यांची नावं: घरातली, शेजारची, गल्लीतल्या श्रोता संघाच्या सभासदांची, आणि शेवटी गाव. रायपूर–बिलासपूर लोहमार्गावरचं भाटापारा हे बाजाराचं गाव देशभर माहीत झालं ते या शेवटच्या ओळीमुळे. नाव वाचलं जावं म्हणून लोक लिहीत, हा आरोप खरा आहे. पण नाव वाचलं जाण्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. हजारो लोकांसमोर एक माणूस म्हणत होता की हे गाणं मी निवडलं, ते तुम्हीही ऐका. निवड फसली तर ती त्याच्या नावावर फसे. फर्माईश हा शब्द मूळचा दरबारी. आज्ञा करणारा एक आणि गाणारा एक, बाकीचे फक्त हजर. पोस्टकार्डानं तो शब्द दुकानदाराच्या, विद्यार्थ्याच्या, रेल्वेतल्या कारकुनाच्या हाती दिला, आणि आज्ञेचं रूपांतर शिफारशीत झालं. इतिहासाच्या या वळणाला करमणुकीचा किस्सा समजून आपण पुढे निघून गेलो आहोत.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की फर्माईशीत तीच ती गाणी वाजत, नवं काही सापडत नसे. पण नवं गाणं एकदा ऐकून कुणाचंच होत नाही. आकाशवाणी पुण्यानं १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ प्रसारित केलं तेव्हा गाणं आठवड्याला एकच नवं होतं, आणि तेच त्या आठवड्यात पुन्हा वाजत होतं. माडगूळकर आणि फडके यांची ती ५६ गीतं महाराष्ट्राला पाठ झाली ती या पुनरावृत्तीमुळे आणि क्रमामुळे. अल्बम म्हणजे काय हे मराठी कानाला तिथे उमगलं: एकामागून एक येणारी, एकमेकांवर भार टाकून उभी असलेली गाणी. पुढे १९७४ मध्ये ‘शिवकल्याण राजा’ आलं तेव्हा ते सलग ऐकण्याची सवय आधीच तयार होती. यादी मात्र अल्बममधलं एक गाणं उचलते, शेजारी दुसऱ्याच कुणाचं ठेवते, आणि क्रम हा रचनेचा भाग होता हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. गीतमालेमागे टूथपेस्ट होती, तबकड्यांच्या खपाचे आकडे होते, ठरवून पाठवलेली पत्रंही होती. हे सारं मान्य करायलाच हवं. बाजार तेव्हाही होता. मात्र तेव्हा खोटं पत्र पाठवायलाही नाव लागत असे. ज्याच्या नावानं पत्र गेलं त्याला शेजारी विचारू शकत होता. आज एखादं गाणं माझ्यापुढे का आलं हे विचारायला समोर कुणीच नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आज रायपूरच्या मुलाला किशोरीताई, कुमारजी, दूर देशांतलं संगीत सगळं एका स्पर्शावर मिळतं, नागपूर केंद्राचा आवाज रात्री मध्यम लहरींवर पकडायला कान ताणावा लागत नाही. हा लाभ मोठा आहे आणि त्याला नाकं मुरडणं अन्यायाचं होईल. पण मिळणं आणि शोधणं यांतला भेद भातखंड्यांच्या वेळेपासून आहे. दार उघडं असणं हे घरात जाण्याऐवजी चालत नाही. उलट इतकं सगळं उपलब्ध असताना वही ठेवायला, नाव विचारायला, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला जी सोय आहे ती त्या पोस्टकार्डवाल्यांना स्वप्नातही मिळाली नसती.

नाव न विचारण्याची किंमत काय असते हे छत्तीसगढानं पाहिलं आहे. २००९ मध्ये ‘दिल्ली ६’ आला आणि ‘गेंदा फूल’ देशाला ‘सापडलं’. रहमानचं नवं गाणं म्हणून ते गाजलं. छत्तीसगढातल्या श्रोत्यांच्या कानाला मात्र ते ओळखीचं होतं. रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजात त्यांनी ते कितीतरी आधी ऐकलं होतं. शब्द गंगाराम शिवारे यांचे, चाल भुलवाराम यादव यांची, हे इथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे ही नावं बाहेर पोचली. देशाला त्या गाण्याचा शोध लागला होता. तो घेतला होता आणि लावला होता तो या श्रोत्यांनी, गाण्याबरोबर नाव आठवणीत ठेवून. कुठल्याही यादीला हे जमलं नसतं, कारण यादीला गाण्याचं आजोळ ठाऊक नसतं, फक्त ऐकणाऱ्यांच्या सवयी ठाऊक असतात.

छत्तीसगढातले रेडिओचे श्रोते २० ऑगस्टला श्रोता दिवस साजरा करतात. १९२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रसारित झाला होता, त्याची ही आठवण. तो कार्यक्रम गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून झाला आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. म्हणजे या देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रसारणांतलं एक हे फर्माईशीचं होतं, आणि ती फर्माईश गव्हर्नरची होती. तीस-चाळीस वर्षांत तोच अधिकार पोस्टकार्डाच्या किमतीत भाटापाऱ्याला मिळाला. तो आजही प्रत्येकाच्या हातात आहे. सोमवारच्या यादीतलं एक गाणं आवडलं तर ते कुणी लिहिलं, कुणी बांधलं, कुठल्या अल्बमातलं कितवं, हे पाहून घ्यावं, त्याच्या मागचं-पुढचं ऐकावं, आणि मग एखाद्याला आपल्या नावानिशी सांगावं की हे ऐक. एवढं केलं की ‘मी शोधलं’ म्हणायला हरकत नाही.