आज म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

२ जानेवारीची पहाट, साडेपाचचा सुमार. पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर रोजचं ठरलेलं काम सुरू होतं. कालची विक्री गोळा करायची, ताळा पाहायचा, साहेब यायच्या आत अहवाल तयार ठेवायचा. या कामावर तारीख पडायची ती मात्र १ जानेवारीची, आणि त्या तारखेच्या रकान्याचं नाव अनेक वर्षं होतं ‘एक्झिक्युशन डेट’, म्हणजे काम केल्याची तारीख. काम तर २ तारखेला चाललेलं. नवखा प्रोग्रॅमर आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग टाइमझोनवर, आणि शेवटी गुमान तारखेत एक मिळवून मोकळा व्हायचा.

हा घोळ ‘एअरफ्लो’चा. २०१४ साली एअरबीएनबी कंपनीत मॅक्सिम बोशमां यांनी ही प्रणाली लिहायला घेतली. पुढे ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेली, आणि डेटाची कामं ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं करून घेण्यासाठी ती जगभर वापरली जाऊ लागली. मूळ विचारात खोट नव्हती. १ तारखेचा हिशेब ती तारीख संपल्याशिवाय पुरा होत नाही. म्हणून काम मध्यरात्र उलटल्यावर सुरू करायचं आणि ज्या दिवसाचा हिशेब, त्याच दिवसाची तारीख त्याला द्यायची. ही मध्यरात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात त्याच क्षणी १ तारखेचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तिथल्या माणसाला ते चुकीचं नाव योगायोगानं अगदी बरोबर वाटावं!

एका नावाचा तोल गेला की शेजारची नावंही कलतात. ‘नेक्स्ट एक्झिक्युशन डेट’ हा शब्द पुढच्या खेपेचा. पण रोजच्या कामात तो दाखवायचा चालू खेप सुरू होण्याची वेळ. ‘टुमॉरो डीएस’ म्हणजे उद्याची तारीख असं वाटावं, तर ती निघायची आजची. आज हवा असेल तर उद्या लिहायचं, ही रीत लोकांनी अंगवळणी पाडून घेतली. ‘स्टार्ट डेट’चंही तेच: त्या दिवशी काही सुरू होत नसे, पहिली खेप त्यानंतर एक दिवसानं निघे.

नाव चुकलं म्हणून ते बदलावं का, की वापरून वापरून ते आपोआप बरोबर होतं? प्रश्न संगणकाच्या खोलीत उभा राहिला असला तरी तो जुना आहे. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात यावरच खल आहे: नाव वस्तूच्या स्वभावातून येतं, की माणसं ठरवतात म्हणून चालतं? आपल्याकडे मीमांसकांनी शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य मानलं, कुणी जुळवून न दिलेलं. नैयायिकांनी ते संकेतावर सोपवलं. पण त्यांच्यातही पुढे एक बारीक भांडण निघालं. परंपरेचं म्हणणं असं, की अमुक शब्दानं अमुक अर्थ कळावा ही ईश्वराची इच्छा, म्हणजेच शब्दाची शक्ती. मग माणसानं काल-परवा ठरवलेल्या पारिभाषिक शब्दाला शक्ती कुठली? नव्यांनी उत्तर दिलं, की इच्छा असली म्हणजे पुरे, ती ईश्वराचीच असायला हवी असं नाही. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त ही दोन्ही मतं नोंदलेली आहेत. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस साहजिकच नव्यांच्या पक्षात बसेल.

त्याच ग्रंथातली आणखी एक विभागणी इथे जास्त उपयोगी पडते. काही शब्द यौगिक: ‘पाचक’ म्हणजे शिजवणारा, अवयवांतूनच अर्थ मिळतो. काही रूढ: अवयव काहीही सांगोत, अर्थ वापरानं बसलेला. ‘तेल’ तिळाचं, तरी शेंगदाण्याचं तेल घेताना तीळ कुठे गेले असं कुणी वाण्याला विचारत नाही. एअरफ्लोच्या जुन्या वापरकर्त्यांना ‘एक्झिक्युशन डेट’ असाच रूढ शब्द होता. त्यातलं ‘एक्झिक्युशन’ त्यांना ऐकूही येत नसे. नवखा मात्र तो यौगिक समजून वाचतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मूल शब्द शिकतं ते वृद्धव्यवहारातून, असं आपल्या शास्त्रकारांनी सांगितलं आहे: थोरला म्हणतो ‘गाय आण’, धाकटा गाय आणतो, आणि पाहणाऱ्या पोराला ‘गाय’ कळते. रात्री दोन वाजता अडकलेल्या कामापाशी एकट्या बसलेल्या प्रोग्रॅमरला असा वृद्ध मिळायचा कुठून? त्याच्यापुढे फक्त शब्दाचे अवयव असतात.

म्हणून ‘लोकांना सवय झाली आहे, राहू द्या’ हा युक्तिवाद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. नाव बदललं तर जुन्या माणसाला एकदाच त्रास होतो. न बदललं तर दर नव्या माणसाला होतो, आणि नवी माणसं येतच राहतात. एवढाच हिशेब असता तर निकाल सोपा होता.

पण बदलून ठेवायचं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत ‘एक्झिक्युशन डेट’च्या जागी ‘लॉजिकल डेट’ आली. हे नाव खोटं बोलत नाही हे खरं, पण ते फारसं काही बोलतच नाही. तशीही सोय असते म्हणा. पाणिनीनं काही धातूंना ‘घु’ अशी संज्ञा दिली. तिला लौकिक अर्थच नसल्यामुळे कुणी फसत नाही. व्याख्या पाहावीच लागते. त्याच पाणिनीची ‘नदी’ ही संज्ञा स्त्रीलिंगी ईकारान्त-ऊकारान्त शब्दांसाठी आहे, आणि तिथे नवा विद्यार्थी क्षणभर पाण्याकडे पाहतोच. ‘लॉजिकल’ हे जवळजवळ ‘घु’च्या जातीचं. खरी दुरुस्ती त्याच आवृत्तीत शेजारी झाली: ‘डेटा इंटर्व्हल’ची सुरुवात आणि शेवट अशी दोन नावं मिळाली. हिशेब कुठपासून कुठपर्यंतचा, हे पहिल्यांदा उघड सांगता आलं. एका दिवसाला दोन कडा असतात. त्यांतली एकच उचलून तिला ‘तारीख’ म्हटलं होतं, तिथेच सगळं बिनसलं होतं.

या कडांचा वाद पाणिनीच्याही आधीचा असावा. ‘आज’ची व्याख्या काय? पाणिनीच्या सूत्रांवरची काशिकावृत्ती जुन्या आचार्यांची मतं देते: योग्य वेळी उठल्यापासून योग्य वेळी निजेपर्यंत तो आज, किंवा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा तो आज. पाणिनीनं व्याख्या केलीच नाही. लोकांना व्यवहारातून कळतं, शास्त्रानं शिकवायची गरज नाही, अशी त्याची भूमिका. बोलणाऱ्या माणसांपुरतं ते पटतं. यंत्राला मात्र लोकव्यवहार नसतो, त्याला कड सांगावीच लागते.

भारतातल्या पगारदारांनी हाच गोंधळ निराळ्या रूपात सोसला आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कमाईचं वर्ष ‘प्रीव्हियस इयर’ आणि ती तपासण्याचं पुढचं वर्ष ‘असेसमेंट इयर’. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ ची मिळकत २०२४-२५ च्या नावावर. ज्या वर्षात माणूस कमावत असतो, त्या चालू वर्षालाच कायदा ‘मागील’ म्हणत होता. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यानं दोन्ही काढून एकच ‘टॅक्स इयर’ ठेवलं. एअरफ्लोनं एका नावाची फोड केली, आयकरानं दोन नावं एकात घातली. आणि दोन्ही बदल रास्तच म्हणावे लागतात, कारण कायद्याला हवी होती ती फक्त कमाईच्या वर्षाची ओळख, तर यंत्राला हव्या होत्या दोन्ही कडा.

एप्रिल २०२५ मध्ये एअरफ्लो ३.० आली आणि ‘एक्झिक्युशन डेट’ कायमची गेली. ‘टुमॉरो डीएस’ही गेला. साधा ‘डीएस’, म्हणजे खेपेची तारीख, तेवढा राहिला. मात्र ‘क्रॉन’च्या, म्हणजे ठरावीक वेळा नेमून देणाऱ्या, वेळापत्रकाचा मूळ नियमच आता फिरला आहे: लॉजिकल डेट आपसूक खेपेच्या नेमल्या वेळेचीच धरली जाते. २ जानेवारीच्या पहाटेच्या कामावर २ जानेवारीच पडते. कालच्या विक्रीची फाइल ‘डीएस’च्या नावानं ठेवणाऱ्या जुन्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता तारीख एका दिवसानं सरकते. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी जुना नियम चालू ठेवणारी एक सेटिंग आहे. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन कंपन्या एकच आवृत्ती वापरून, एकच शब्द लिहून, दोन वेगळ्या तारखा मिळवू शकतात.