टेम्सकाठी कल्याण

भालकी, बसवकल्याणकडचे आई-वडील मुलाकडे लंडनला गेले, की पाहुण्याच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात. सुरुवातीला मुलगा सुटी काढून राजवाडा, टॉवर ब्रिज दाखवतो. खरं बघणं त्यानंतरचं. मुलगा-सून कामाला गेली, की दोघं डबा घेऊन लाल बसच्या वरच्या मजल्यावर बसतात. ते पाट्या वाचतात, त्या माणसं वाचतात.

टेम्सच्या काठी, अल्बर्ट एम्बँकमेंटवर बसवेश्वरांचा पुतळा आहे. 14 नोव्हेंबर 2015 ला त्याचं अनावरण झालं. पलीकडच्या तीरावर ब्रिटिश संसद, आणि अलीकडे आपल्या बसवकल्याणच्या अनुभव मंटप या विचारसभेचे बसवण्णा! तिथं थंडीतही चपला काढाव्याशा वाटल्या तर नवल नाही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जायला तिकीट नाही. त्याच्या संग्रहात बिदरी हुक्के आहेत. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची जडण. त्याला काळा रंग देणारी माती मात्र बिदरच्या किल्ल्यातली. आपल्या गावात असताना किल्ल्यावर किती वेळा गेलो, हा प्रश्न अशा ठिकाणी हमखास निघतो.

आपण लंडन बघतो, तसा आपला भाग बघून गेलेलाही एक पाहुणा होता. 1470च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी बहमनींच्या बिदरला येऊन राहिला होता. आला घोडा विकायला. पण बाजार, लोकांचं खाणंपिणं, सुलतानाची मिरवणूक असं सगळं लिहून गेला. एकटाच होता बिचारा. “अहो, पाय दुखायला लागले, आता घरी चला,” म्हणणारं त्याच्यासोबत कुणी नव्हतं.