पुराचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग तेवढे आणता येत नाही, अशी म्हण आपल्यात रूढ आहे. पैशाच्या जोडीला आणखी एक गोष्ट घालावी असे अलीकडे आम्हांस वाटू लागले आहे. ती म्हणजे आपत्ती. रामाचे सोंग आणता येते, रावणाचे तर त्याहून सहज. परंतु ज्या प्रेक्षकांच्या घरात खरोखरच पाणी शिरले होते, त्यांच्यापुढे पुराचे सोंग आणणे ही निराळीच परीक्षा होय.

प्रसंग साधा आहे. देवळाच्या उत्सवात गावातील हौशी मंडळींनी नाटक करावे, ही गोमंतकातील जुनी रीत. यंदा आमच्याकडील तरुणांनी एका कल्पित गावावर आलेल्या महापुराचे नाटक बसवावयास घेतले. ज्याने ते लिहिले त्याने शेवटच्या अंकात देवी प्रकट केली होती. ती हात उचलते आणि पाणी ओसरते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की देवी मुळीच नको. पाऊस, भरती आणि फुटलेला बांध एवढे पुरे. वाद रंगात आला असता, तालीम पाहण्यास सभामंडपात बसलेली एक वृद्ध बाई म्हणाली, "देवीन उदक फाटीं धाडलें म्हणटात, मागीर आमच्या दारांतलें कित्याक धाडूंक ना?" त्या रात्रीची तालीम तेथेच थांबली.

२०२१ च्या जुलै महिन्यातील पूर ती बाई विसरली नव्हती. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, म्हादई आणि तिच्या भगिनी नद्या फुगल्या, सत्तरी, डिचोली, फोंडे या भागांत शेकडो घरांची हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले. बाईचा प्रश्न नास्तिकाचा नव्हता. ती रोज देवळात येणारी आहे. तिचा प्रश्न नाटककाराच्या न्यायबुद्धीला होता. कल्पित गाव वाचले ते देवीच्या कृपेने, असे रंगमंचावरून सांगितले की खऱ्या गावात जे वाचले नाहीत त्यांच्यावर देवीची अवकृपा होती, हेही न बोलता सांगितले जाते. चमत्काराची ही दुसरी बाजू लिहिणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

हा प्रश्न थोरांनाही चुकला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला आणि दहा हजारांहून अधिक माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन होय, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. निसर्गाच्या घडामोडींना नीतीच्या तराजूत तोलू नये, आणि हीच युक्ती उद्या विरोधकही वापरू शकतील, असे त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्यतेच्या पापाविषयी दोघांत मतभेद नव्हता. आणि गांधीजी स्वतः पुढे बिहारात जाऊन पीडितांमध्ये फिरले. तथापि त्या एका विधानापुरते आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे आहोत. पाप करणारे आणि ढिगाऱ्याखाली सापडलेले हे एकच होते, असे कोणाला म्हणता येईल? ढिगाऱ्याखाली तान्ही मुलेही होती.

मग दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मान्य करून देवीला नाटकातून काढूनच टाकावे काय? आमच्या मते तेही असत्यच ठरेल. पाणी चढू लागले म्हणजे आपल्या गावातील माणूस काय करतो? तो दावणीची गुरे सोडतो, भाताची कणगी उंचावर नेतो आणि त्याच वेळी ग्रामदेवतेला हाक मारतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी तेवढ्या खऱ्या आणि तिसरी खोटी, असे मानून लिहिलेले नाटक वास्तव म्हणवून घेईल. परंतु त्यात आपला माणूस अर्धाच असेल.

आमच्या पुराणकथांनी हा तोल फार पूर्वीच साधला आहे, हे आम्हांस येथे सांगावेसे वाटते. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा पाहा. मासा त्याला येणाऱ्या पुराची वार्ता देतो, परंतु नाव मनूलाच बांधावी लागते. त्याआधी ओंजळीत आलेल्या त्या इवल्याशा माशाला घागरीत, मग खड्ड्यात वाढवून समुद्रात सोडण्याचे कष्टही त्यानेच केलेले असतात. भागवताच्या दशम स्कंधात गोवर्धन उचलण्यापूर्वी कृष्ण नंदाशी जो वाद करतो, तो ऐकून आजचा चिकित्सकही चकित होईल. मेघ आपल्या गुणधर्माने वर्षतात, त्यात इंद्राचे काय, असाच त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पुढे सात दिवस पर्वत धरला जातो हे खरे. परंतु लोकांनी त्या कथेत गोपाळांच्या काठ्याही टेकूला लावल्या आहेत. देवाने भार उचलला तरी काठी लावल्यावाचून आपल्या लोकमनाला चैन पडत नाही.

यावरून नाटक करणाऱ्यांस आम्ही तीन गोष्टी सुचविल्या. पहिली अशी की, पाणी खऱ्या कारणाने यावे. आपल्याकडे खाजन शेती बांधांच्या आणि मानशींच्या आधारावर उभी असते. डागडुजी राहिली, भरतीच्या वेळीच वरून पूर आला, की नदीचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि बांध फुटतो. मग खारे पाणी शिरून शेत काही वर्षे नापीक होते. कल्पित गावातही हे असेच घडले पाहिजे. दुसरी अशी की, जो मेला त्याला पापी ठरवू नये आणि जो वाचला त्याला पुण्यवान ठरवू नये. तिसरी अशी की, देवीने पाण्याशी बोलू नये, माणसांशी बोलावे.

या तिसऱ्या सूचनेवर पुष्कळ चर्चा झाली. अखेर असे ठरले की देवी रंगमंचावर येणारच नाही. तिच्या जागी कौलाचा प्रसंग येईल. गाव सोडावा की थांबून बांध सावरावा, हे विचारण्यास मंडळी देवळात जमतात. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडते. थांबण्याचा कौल मिळतो. रात्रभर माणसे माती वाहतात. बांध टिकतो, परंतु पलीकडच्या वाड्यातील एक म्हातारा वाहून जातो. पाकळी देवीने पाडली की वाऱ्याने, हे नाटक सांगत नाही. तो म्हातारा का गेला, हेही सांगत नाही. त्याची घोंगडी मात्र सकाळी बांधावर सापडते, आणि ती कोणी उचलावयाची या प्रश्नाशी पडदा पडतो.

ज्याने नाटक लिहिले तो अजून थोडा नाराज आहे. देवी दिसली नाही तर प्रेक्षकांना भक्तीचा आनंद कसा मिळणार, असे तो विचारतो. त्याच्या शंकेला आम्ही क्षुल्लक मानत नाही. श्रद्धेला रूप हवे असते, आणि सभामंडप हे त्या रूपाचे घर आहे. परंतु ज्या मंडपात नाटक होणार, तेथेच पुराच्या वेळी घर बुडालेली माणसे अंथरुणे टाकून निजली होती. त्यांच्यासाठी ज्यांनी रात्री पेज शिजवली, त्यांच्या हातांत देवी दिसली नसेल असे आम्हांस वाटत नाही. दुःखिताला दोषी न ठरवता जी कथा सांगता येते, तीच देवापुढे सांगण्यास योग्य, एवढेच आमचे मत आहे.

नाटक अजून व्हावयाचे आहे. ती बाई पहिल्या रांगेत बसणार, हे सर्वांस ठाऊक आहे.